आधी दगड वाजव

माझा पाय भिंतीवर वाजला की नवरा ‘परत’ म्हणतो. ‘चुकलं’ नाही, ‘जरा हळू’ नाही, नुसतं ‘परत’. मग मी मुकाट खाली उतरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. मुकाट म्हणजे माझ्या मानाने मुकाट. लोणावळ्याला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे त्यानेच कधीकाळी प्लायवूडच्या फळ्या तिरक्या ठोकून त्यांवर प्लास्टिकचे रंगीबेरंगी उंचवटे बसवले आणि चढाईच्या सरावाची भिंत केली. मी त्या भिंतीवर लोंबकळत असते आणि तो समोर खुर्चीत डोळे मिटून बसतो. बघत नाही, माझे पाय ऐकतो.

“वाजला म्हणजे तू तो फेकलास,” तो म्हणतो. “ठेवला नाहीस.”

त्याचं म्हणणं खरं आहे, हे मान्य करायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मी मूळची हातांनी चढणारी. दिसला दगड की धर आणि ओढ. संतापी माणसं अशीच चढतात असं त्याचं मत. कड्यावर हात ओढायला लागले की थोड्या वेळात कोपरापासून मनगटापर्यंत लाकूड होतं, बोटं आपोआप उघडतात आणि मग कितीही जोर असला तरी उपयोग नाही. वजन पायांवर पडलं पाहिजे आणि पाय जिथे ठेवायचा तिथे एकदाच, नजर ठेवून, आवाज न करता ठेवला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. करताना मला कितीदा तरी त्याच्या अंगावर हातांना फासायच्या चॉकची पिशवी फेकावीशी वाटली, आणि एकदा फेकलीही.

हा माणूस खुर्चीत का बसला, ते सांगायला हवं.

आमच्या सह्याद्रीत चढायला शिकणाऱ्याला दोराच्या गाठीआधी एक गोष्ट शिकवतात. आधी दगड वाजव. आमचा कातळ सगळा एकसंध नाही. काही दगड डोंगराचे असतात आणि काही नुसते डोंगरावर बसलेले असतात, दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून धरण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचं. टक असा भरीव आवाज आला तर धरायचं. ढब आला तर तो दगड आतून सुटलेला, त्याच्या वाटेला जायचं नाही. बाजारात माठ वाजवून घेतात, तसंच. फरक एवढाच की माठ फुटका निघाला तर पाणी सांडतं.

त्या वर्षी नवरा पुण्याला एका मोठ्या कृत्रिम भिंतीवर सरावाला जायचा. बोटं सांडशीसारखी झाली होती. तिथे प्रत्येक उंचवटा बोल्टने आवळलेला असतो. तिथे कुणी काही वाजवत नाही, वाजवणारा वेडा ठरेल. मग थंडीत आम्ही भाजे गावाच्या वरच्या कड्यावर गेलो. तो पुढे चढत होता, मी खाली दोर धरून उभी होते. इतका देखणा चढत होता की मी चक्क खूश होऊन बघत बसले. एक हात, दुसरा हात, पाय, कुठे थांबणं नाही. आणि एक मोठा दगड त्याच्या हातात सुटून आला.

दोराने त्याला धरलं. मी त्याला धरलं. पण तो झोका खाऊन आला आणि कड्याच्या बाहेर आलेल्या एका कंगोऱ्यावर त्याची टाच आपटली. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. भाज्याच्या लोकांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला खाली आणलं. ज्यांच्या अंगणात आम्ही कायम स्कूटर लावतो त्या मावशी सगळ्यांच्या पुढे चालत होत्या आणि झोळी धरणाऱ्यांना, मला, डोंगराला, जो तावडीत सापडेल त्याला बोलत होत्या. नवरा झोळीत डोळे मिटून एकच वाक्य म्हणत होता. “वाजवला नाही मी.”

पुढेही तेच. दवाखान्यात, टाचेत पट्टी आणि स्क्रू बसवल्यावर, घरी आल्यावर, जेवताना, टीव्ही बघताना मध्येच. “वाजवला नाही मी.” ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. अरे, नाही वाजवलास, बरं.

टाच बरी झाली, हे मला नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं टाचेमुळे त्याने चढणं सोडलं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलेलं सगळं त्याने केलं. पायाच्या बोटांनी गोट्या उचलल्या, तळव्याखाली बाटली फिरवली, स्वयंपाकघरात एका पायावर उभं राहून कांदे चिरले. डॉक्टर म्हणाले, आता चढा. तो म्हणाला, पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला तर म्हणाला, थंडी पडू दे. थंडी पडली तेव्हा मी विचारलंच नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. कड्याचा विषय निघाला की तो उठून चहा टाकायला जायचा. आमच्याकडे त्या काळात फार चहा झाला.

आणि स्वतःची सगळी चढाई त्याने माझ्यात ओतली. लाकडी पट्टीला बोटांनी लटकायचं, मग लटकले त्याहून जास्त वेळ हातांना विसावा द्यायचा. तळेगावला कारखान्यात दिवसभर यंत्राचे भाग तपासून घरी आले की आज सराव की आज आराम, हे तोच ठरवायचा. आराम मला जमत नाही. एकदा आरामाच्या दिवशी मी चोरून भिंतीवर गेले आणि अनामिकेत कळ आली. त्याने बोटाला पट्टी गुंडाळली आणि कित्येक आठवडे मला त्या शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. त्याऐवजी तांदळाच्या डब्यात हात कोपरापर्यंत खुपसून बोटं उघडायची आणि मिटायची. इंद्रायणीचा डबा, घरात खायचा. मी रोज संध्याकाळी त्यात हात घालून तणतणत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच भात लावायचे.

“ताकद चढताना येत नाही,” तो म्हणायचा. “झोपल्यावर येते.”

“मग तू एवढा झोपतोस, तुझी कुठे गेली?” असं मी एकदा बोलून गेले. तो उठला आणि चहा टाकायला गेला.

मला तो दोराच्या दुसऱ्या टोकाला परत हवा होता, बाकी काही नको होतं. आमची ओळखच कड्यावर झाली. लग्नाआधी आम्ही कधी हॉटेलात बसलो नाही, बोललो ते सगळं एकमेकांचा दोर धरून. आता घरात गॅस, दूध, पाण्याची मोटार एवढंच बोलणं उरलं होतं. आणि भिंतीपुढे त्याचं ‘परत’. एवढ्यावर दोन माणसांचं भागतं, पण मला ते भागवायचं नव्हतं.

या दिवाळीनंतर मी म्हटलं, भाज्याला चल, फक्त दोर धरायला. तो चक्क हो म्हणाला. मग जेवण झाल्यावर, ताटं उचलताना, आपणहून म्हणाला, “तू वर पोचलीस की मी बघीन. मागून चढून आलो तर आलो. नाही आलो तर परत विचारायचं नाही. कधीच.”

मी हो म्हटलं आणि लगेच पस्तावले. हा माणूस शब्दाला पक्का आहे, आणि माझ्याकडूनही तेच धरून चालतो.

मुद्दाम आठवड्याच्या मधला दिवस निवडला, रजा टाकली. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणारी मंडळी स्पीकर लावून फिरतात, तेव्हा दगड वाजवला तरी ऐकू येत नाही. पण भात झोडायचे दिवस आहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. स्कूटर लावली तेव्हा मावशींच्या खळ्यावर घरची सगळी माणसं पेंढ्या आपटत होती. धप, धप, धप.

मावशींनी आधी त्याच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ह्याला कशापायी आणलं गं परत?”

“दोर धरायला आणलंय, मावशी.”

“मागल्या वक्ताला तूच धरला व्हता न्हवं दोर?”

मावशी त्याच्याकडे वळल्या.

“पाय कसा हाय तुजा?”

“बरा आहे आता.”

“मंग ऱ्हाऊ दे की बरा. आज समदी खळ्यावर हाईत. झोळीला मानूस गावायचं न्हाई, आदीच सांगून ठिवते.” आणि एवढं बोलल्यावर, तोच सूर ठेवून, “नवा तांदूळ झालाय. जाताना न्हे.”

वर जाताना तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही, आणि मला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

जुन्या वाटेपासून बरीच डावीकडची, सोपी वाट मी निवडली होती. कड्याच्या तळाशी एक चिंचोळी पायरी आहे, दोर धरणाऱ्याने तिथे उभं राहायचं. मी पडले तर तो ओढला जाऊ नये म्हणून त्याने आखूड पट्ट्याने स्वतःला कातळातल्या बोल्टला बांधून घेतलं. पद्धत तीच आहे. पण असा बांधलेला माणूस फार तर एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे सरकू शकतो. वरून जे येईल ते त्याला तिथेच उभं राहून बघावं लागतं. त्याने माझी गाठ तपासली, मग पुन्हा तपासली, मग पुन्हा. त्याची बोटं थंडगार होती.

“चढते,” मी म्हणाले.

“चढ.”

पहिला टप्पा सोपा होता. दगड वाजवायचा, धरायचा, पाय ठेवायचा. अडचण एकच, खालून येणारी धप धप. माझा ठोका आणि त्यांची पेंढी एकाच वेळी पडली की काही कळेना. मग दोन धपांच्या मध्ये ठोकायचं, ऐकायचं, पुढे जायचं. टक. धप. टक. वाटेत आधीच्या लोकांनी मारलेले बोल्ट आहेत, त्यांत दोर अडकवत गेले. दोर हवा तेवढाच आणि हवा तेव्हा वर येत होता. त्याचे हात काही विसरले नव्हते. मला धीर यायला लागला.

निम्म्याच्या वर गेल्यावर कडा जरा बाहेर झुकतो. शेवटचा बोल्ट माझ्या पायांच्या खाली राहिला होता, पुढचा अजून दूर होता आणि हात भरून यायला लागले होते. तिथे बरोब्बर हाताशी एक दगड होता. कपाटाच्या मुठीसारखा, चार बोटं पूर्ण बसतील असा. हात त्याच्याकडे आपोआप निघाला. मी तो आवरला आणि ठोकलं. नेमकी तेव्हाच खाली पेंढी आपटली. मी थांबले, परत ठोकलं.

ढब.

हा दगड सुटला असता तर आधी तो खाली गेला असता, मग मी. आणि तो जिथे गेला असता तिथे नवरा आखूड पट्ट्याने बांधलेला होता.

“रिकामा आहे,” मी खाली सांगितलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “मी धरत नाही. डावीकडून जाते. दोर दे.”

डावा हात लांब केला, तर कमरेला दोर ताठ. एक बोटभरही आला नव्हता.

“दोर दे ना.”

काही नाही. मी काखेखालून खाली बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या दगडाकडे बघत होता. दोन्ही मुठी दोरावर आवळलेल्या आणि चेहरा झोळीत होता तसा. ढब त्यालाही ऐकू गेला होता. त्याने एवढे दिवस ऐकण्याचाच धंदा केला होता.

मी घाबरले. दगडाला नाही, त्या मुठींना. ताठ दोराने डावीकडे गेले असते तर दोरानेच मला ओढून पाडलं असतं. आहे तिथे थांबले तर हात किती वेळ टिकणार ते मला कळत होतं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार अगदी ओठांवर आला होता. पण एवढं समजत होतं की मी ओरडले तर त्या मुठी अजून आवळतील आणि मग आज काय, पुढे कधीच उघडणार नाहीत.

म्हणून शेडमध्ये जे शिकले होते ते केलं. हात सरळ केले, कोपरं वाकवून राहिलं की ताकद वाया जाते. कंबर कातळाला चिकटवली. वजन पायांवर सोडलं. एक हात खाली सोडून झटकला, मग दुसरा. श्वास पूर्ण बाहेर. हातांत थोडं रक्त परत आलं. पण पायांची पाळी आली. उजवा पाय थरथरायला लागला. आम्ही याला शिलाई मशीन म्हणतो, एकदा सुरू झालं की थांबत नाही. बुटाचं टोक कातळावरून घसरलं. खर्र.

“वाजला,” खालून आवाज आला.

मी श्वास धरला.

“वाजला. परत ठेव.”

हा शेडमधला आवाज होता, खुर्चीतला. मला वाटतं त्याच्या तोंडून तो निघाला हे त्यालाही कळलं नसावं. मी पाय उचलला, बघितलं, ठेवला. आवाज झाला नाही.

“टाच खाली घे.”

मी टाच खाली सोडली. थरथर थांबली. आणि कमरेशी दोर ढिला झाला, आधी थोडा, मग हवा तेवढा.

खाली बघितलं नाही. डावीकडे नखभर रुंदीच्या दोन कडा होत्या. दोन्ही वाजवल्या. टक, टक. अनामिकेवर सगळं वजन आलं आणि तांदळाच्या डब्यातल्या त्या बोटाने ते घेतलं. एक पाय, दुसरा पाय, पुढचा बोल्ट. दोर त्यात अडकवला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्याचा होता की शिवीचा, मला सांगता येणार नाही.

वरचा भाग सोपा होता. माथ्यावर पोचून मी स्वतःला दोन बोल्टना बांधलं आणि ओरडून सांगितलं, “पोचले.” मग उरलेला दोर वर ओढून घेतला, तो खाली त्याच्या कमरेपाशी ताठ होईपर्यंत. “तयार आहे,” मी म्हणाले. आता पुढचं बोलणं त्याचं होतं. यायचं असेल तर ‘चढतो’. नसेल तर ‘उतर’.

तो काहीच बोलला नाही.

कड्याच्या पोटामुळे तो मला दिसत नव्हता. दिसत होती फक्त खाचरं, मावशींचं खळं आणि पलीकडे रेल्वेचा रूळ. मळवली स्टेशनात लोकल थांबली आणि निघून गेली. दोर हातात तसाच ताठ. मला विचारायचं होतं. जीभ अक्षरशः दातांत धरून बसले होते. शब्द दिला होता ना. मी मनात तयारी करायला लागले, की खाली उतरल्यावर म्हणायचं, छान धरलास दोर, चल, तांदूळ घेऊन जाऊ. चेहरा हसरा ठेवायचा. शेडमधल्या फळ्या काढायच्या असतील तर त्यालाच काढू दे, मी मदत करणार नाही. एवढं ठरवेपर्यंत माझं नाक गळायला लागलं होतं.

मग झोडणी थांबली. वाटलं, जेवायला बसली असतील. वाकून बघितलं तर खळ्यावर सगळी उभीच होती, पेंढ्या हातात तशाच आणि माना वर. माझ्याकडे नव्हती बघत, माझ्या खाली बघत होती. मावशींनी कपाळावर हात आडवा धरला होता.

त्या शांततेत खालून आवाज आला. टक.

मी हलले नाही. जरा वेळाने पुन्हा आला. टक. आणि हातातला दोर वीतभर ढिला झाला. मी तो ओढून घेतला.

काय तो वेग. मी ठोकलेले, मी धरलेले, मी ज्यांवर उभी राहिले ते दगडसुद्धा तो दोनदा दोनदा वाजवत होता. एरवी मी वरून म्हटलं असतं, ऊन चढतंय, आटप. दोन्ही हात दोरावर होते, त्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. वाहू दिले. रिकाम्या दगडापाशी त्याचा ढब ऐकू आला, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. त्याचा श्वास मात्र मला वरपर्यंत ऐकू येत होता. मी दोर ताठ धरून ठेवला.

खर्र.

“वाजला,” मी वरून म्हणाले. “परत ठेव.”

“ठेवतो,” तो म्हणाला.